आधी शून्य घालून बघा: शिशाच्या केंद्रकांच्या टकरी, प्रकल्प नोंदी

२ जून

कामाचा आवाका ठरला. शिसं-२०८ ची दोन केंद्रकं, न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या) जोडीमागे ५.०२ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. साखळीचे तीन टप्पे: ग्लाउबर पद्धतीने (न्यूक्लिऑन यादृच्छिक जागी ठेवून कोण कोणाला धडकतो ते मोजून) टकरीची भूमिती, मग लुटुपुटूच्या घटना (ठरवलेला प्रवाह घालून कोडने बनवलेले कण), आणि शेवटी प्रवाह मोजणारा कोड. खरा डेटा चौथ्या टप्प्यावर, त्याआधी हात लावायचा नाही.

मोजायचं आहे ते लंबवर्तुळी प्रवाहाचं माप, म्हणजे व्ही-२. बीमला आडव्या प्रतलात कण सगळीकडे सारखे उडत नाहीत. दिगंशानुसार (बीमभोवतीच्या कोनानुसार) त्यांची संख्या १ + २ × व्ही-२ × कोसाइन(दुप्पट कोन) अशी बदलते. व्ही-२ = ०.०८ म्हणजे सरासरी १०० कण धरले तर टकरीच्या प्रतलाच्या (बीम आणि दोन केंद्रकांची मध्यं जोडणारी रेषा यांच्या प्रतलाच्या) दिशेला ११६ आणि काटकोनात ८४. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकावर नोव्हेंबर २०१० मध्ये शिशाच्या पहिल्या टकरी झाल्या, २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला. तिथल्या अलाइस प्रयोगाने तेव्हा ४०-५० टक्के केंद्रीयतेला (टक्कर किती समोरासमोरची; ० टक्के म्हणजे अगदी समोरासमोर) चार-कणी पद्धतीने ०.०८७ हे मूल्य दिलं, अमेरिकेतल्या आरएचआयसी त्वरकापेक्षा साधारण ३० टक्के जास्त. हा ०.०८७ लक्षात ठेवायचा, पुढे तो भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

४ जून

केंद्रक भरायला घेतलं. घनता वुड्स-सॅक्सन आकाराची: त्रिज्या ६.६२ फेम्टोमीटर, पृष्ठभागाची जाडी ठरवणारा आकडा ०.५४६. न्यूक्लिऑनच्या केंद्रांत किमान ०.४ फेम्टोमीटर अंतर. नवा न्यूक्लिऑन त्याहून जवळ पडला तर टाकून द्यायचा आणि जागा पुन्हा काढायची. २०८ भरले की सगळ्यांचं गुरुत्वमध्य शून्यावर आणायचं.

पहिल्या फेरीत वर्गसरासरी त्रिज्या ३.९५ फेम्टोमीटर आली. हा आकडा दिसला की कारण शोधत बसायला नको: त्रिज्या निवडताना घनता थेट वापरली, तिला त्रिज्येच्या वर्गाने गुणलं नाही. कवच जितकं बाहेरचं तितकं त्याचं घनफळ मोठं, हे कोडला आपोआप कळत नाही. दुरुस्तीनंतर ५.५१ च्या आसपास. सूत्राने हाताने काढलेलं मूल्य ५.५१, विद्युतभारावरून मोजलेली शिशाची त्रिज्या ५.५०. ठीक.

एक बारकावा. सुरुवातीचे ६.६२ आणि ०.५४६ हे आकडे विद्युतभाराच्या घनतेचे आहेत, न्यूक्लिऑनच्या केंद्रांच्या घनतेचे नव्हेत. प्रोटॉनचा स्वतःचा आकार त्यात मिसळलेला असतो. शिवाय न्यूट्रॉनची साल प्रोटॉनपेक्षा जाड असते. नंतरच्या कामांत दोघांना वेगळे आकडे देतात: प्रोटॉनला ६.६८ आणि ०.४४७, न्यूट्रॉनला ६.६९ आणि ०.५६. सध्या जुनेच ठेवले, म्हणजे छापलेल्या तक्त्यांशी ताडून बघता येईल.

५ जून

त्रिज्या बरोबर आली म्हणून केंद्रक बरोबर असं नाही. ध्रुवकोन सरळ शून्य ते १८० मधून काढला होता. काढायचा असतो त्याचा कोसाइन, −१ ते १ मधून. चुकीच्या पद्धतीत न्यूक्लिऑन बीमच्या अक्षाभोवती गोळा होतात. वर्गसरासरी त्रिज्येत हे दिसत नाही, आडव्या प्रतलात केंद्रक गोलच राहतं म्हणून विकेंद्रतेतही (टकरीच्या भागाच्या चपटेपणात) पटकन दिसत नाही. दिसतं ते आडव्या प्रतलातल्या अंतराच्या वर्गाच्या सरासरीत: एकूण ३०.४ चौरस फेम्टोमीटरपैकी दोन तृतीयांश, म्हणजे २०.३ हवेत, आले १५.२. केंद्रक आडव्या अंगाने १३ टक्के आकसलेलं. ही तपासणी आता कोडमध्ये कायमची घातली.

७ जून

टक्कर. आघात-अंतर (दोन केंद्रकांच्या मध्यांतलं आडवं अंतर) शून्य ते २० फेम्टोमीटर, पण सम वाटपाने नाही: २० गुणिले यादृच्छिक संख्येचं वर्गमूळ. दोन न्यूक्लिऑनमधलं आडवं अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आलं की टक्कर झाली असं धरायचं. मर्यादा येते न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन अप्रत्यास्थ काटछेदावरून (टकरीसाठी समोर दिसणाऱ्या क्षेत्रफळावरून): ६७.६ मिलिबार्न = ६.७६ चौरस फेम्टोमीटर, भागिले पाय, वर्गमूळ, १.४७ फेम्टोमीटर. एका चौरस फेम्टोमीटरचे १० मिलिबार्न होतात, १०० नाही. ही चूक झाली तर मर्यादा ०.४६ वर येते आणि टकरींचा दुष्काळ पडतो.

एकूण काटछेद तपासला: पाय × २०² = १२५६.६ चौरस फेम्टोमीटर, त्यात निदान एक टक्कर झालेल्या घटना ६१ टक्के, म्हणजे ७.६७ बार्न. अलाइसने मोजलेला आकडाही ७.६७ बार्नच.

मुद्दाम चुकवूनही पाहिलं. आघात-अंतर सम वाटपाने काढलं तर सर्वांत केंद्री ५ टक्के घटना ०.८ फेम्टोमीटरच्या आत संपतात. बरोबर उत्तर ३.५. म्हणजे चुकीच्या कोडमध्ये ‘केंद्री’ घटना खऱ्यापेक्षा फार जास्त केंद्री असतात आणि पुढचा प्रत्येक आलेख कसा छान, स्वच्छ दिसतो.

९ जून

०-५ टक्के: सहभागी (निदान एकदा धडकलेले) न्यूक्लिऑन ३८३, द्विकणी (दोन न्यूक्लिऑनमधल्या) टकरी १७६० च्या घरात. १७६० भागिले ६७.६ केले की २६ प्रति मिलिबार्न, हे केंद्रक-अतिव्याप्तीचं माप तक्त्यांशी जुळतं.

एका घटनेत सहभागी ४३१ निघाले होते. दोन शिशांत मिळून न्यूक्लिऑनच ४१६. टकरींच्या वळशात प्रत्येक टकरीला मोजणी वाढत होती. करायचं असतं ते न्यूक्लिऑनवर खूण आणि शेवटी खुणांची बेरीज.

१२ जून

केंद्रीयता. खऱ्या प्रयोगात आघात-अंतर कुणी बघत नाही, मोजता येते ती कणांची गर्दी. म्हणून भूमितीला गर्दी जोडायची: ‘उगम’ = ०.८ × सहभागी + ०.२ × टकरी, आणि प्रत्येक उगमातून ऋण द्विपद वाटपाने कण. जे वाटप मिळेल त्याचे उजवीकडून ५, १०, २० टक्क्यांवर काप.

डाव्या टोकाला ९० टक्क्यांच्या पुढे काप घ्यायचे नाहीत. तिथे ट्रिगर घटना चुकवतो आणि विद्युतचुंबकीय टकरींची भेसळ होते. तो भाग शंभरात धरला तर सगळे काप सरकतात.

ज्या ट्रॅकवर (कणांच्या टिपलेल्या मार्गांवर) व्ही-२ मोजायचा त्यांच्यावरूनच केंद्रीयता ठरवायची नाही. अलाइसने एलएचसीच्या पहिल्या दोन कालखंडांत केंद्रीयतेला पुढेमागे बसवलेले व्हीझीरो सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे डिटेक्टर) वापरले ते याचसाठी. लुटुपुटूच्या घटनांतही दोन वेगळे कणगट ठेवले.

१६ जून

विकेंद्रता. टकरीचा बदाम (दोन केंद्रकं एकमेकांवर येतात तो भाग) किती चपटा, याचं माप. सहभागी न्यूक्लिऑनच्या जागांवरून. आधी त्यांचं मध्य शून्यावर आणायचं (हे राहिलं तर पहिल्या हार्मोनिकची (एकपट कोनाच्या घटकाची) घाण दुसऱ्यात उतरते), मग अंतराच्या वर्गाने वजन देऊन दुप्पट कोनाची सरासरी.

अक्ष कोणता, यावर खरा खेळ आहे. आघाताच्या दिशेलाच अक्ष धरला तर अगदी केंद्री टकरींत विकेंद्रता सरासरीने शून्याकडे जाते. प्रत्येक घटनेत सहभागींचा स्वतःचा अक्ष काढला तर ती कधीच शून्य होत नाही, कारण २०८ ठिपके गोलात टाकले तरी ते नेमके गोल बसत नाहीत. तांब्याच्या केंद्रकांच्या टकरींत प्रवाह अपेक्षेपेक्षा मोठा निघाला तो याच कारणाने. आरएचआयसीवरच्या फोबोस प्रयोगाने ते दाखवलं. आणि त्रिकोणी प्रवाह, जो गुळगुळीत बदामात असायलाच नको, तोही याच खडबडीतपणातून येतो, हे २०१० मध्ये आल्व्हर आणि रोलंड यांनी मांडलं. आमच्या घटनांत ४०-५० टक्क्यांना दुसरी विकेंद्रता ०.४ च्या पुढे. अतिकेंद्री टोकाला दुसरी आणि तिसरी जवळजवळ सारख्या. तसंच यायला हवं.

२० जून

प्रवाहाचा कोड. क्यू-सदिश म्हणजे घटनेतल्या सर्व कणांच्या दुप्पट कोनाच्या कोसाइन आणि साइनच्या बेरजा. दोन-कणी सरासरी = (क्यू चा वर्ग − एम) ÷ (एम × (एम − १)), एम ही कणसंख्या. सर्व घटनांवर एम × (एम − १) या वजनाने सरासरी, शेवटी वर्गमूळ.

चाचणी: एम = ५००, व्ही-२ = ०.०८, एक लाख घटना. उत्तर ०.०९१७.

अंश तपासला: वरचा ‘− एम’ राहिला होता. प्रत्येक कणाची स्वतःशीच जोडी लागते आणि तिची किंमत नेहमी १, त्यामुळे वर्गात १/५०० = ०.००२ फुकट जमा होतात. ०.००६४ च्या शेजारी ०.००२ म्हणजे थोडेथोडके नाहीत. वजाबाकी केल्यावर ०.०८००, अनिश्चितता ०.०००१.

मग व्ही-२ = शून्य घालून: वर्ग शून्याभोवती अधिक-उणा हलतो. ऋण आला तर वर्गमूळ काढायला जायचं नाही. वर्गच चिन्हासकट नोंदवायचा. ऋण घटना गाळल्या तर उरलेल्यांची सरासरी वर सरकते आणि नसलेला प्रवाह दिसतो.

२१ जून

आज जुळे कण. २५० कण बनवून प्रत्येकाची नक्कल त्याच कोनावर, एम पुन्हा ५००. डिटेक्टरमध्ये हे खरोखर होतं: एकाच कणाचा ट्रॅक पुनर्रचनेत दोन तुकड्यांत सापडतो. रेझोनन्सचं (अल्पायुषी कणाचं) विघटन आणि जेट (एका दिशेने उडणारा कणांचा झोत) हेही याच जातीचे, जरा सौम्य. यांना प्रवाहेतर सहसंबंध म्हणतात.

उत्तर ०.०९१६.

कालच्या चुकीचाच आकडा, फरक अनिश्चिततेच्या आतला. योगायोग नाही. काल प्रत्येक कण स्वतःला भेटत होता, आज जुळ्याला भेटतो. ५०० कणांत एक, दोन्हीकडे. दोन्ही दोष कणसंख्येच्या व्यस्त प्रमाणात घटतात, त्यामुळे एम बदलूनही वेगळे ओळखू येत नाहीत. ओळखायची एकच वाट: जुळे बंद करून कोड चालवायचा. ०.०८०० आला तर कोड निर्दोष आणि दोष ट्रॅकमध्ये. खऱ्या डेटात जुळे बंद करता येत नाहीत, म्हणून ही चाचणी खऱ्या डेटाच्या आधी.

२४ जून

जुळ्यांवर दोन उपाय, दोन्ही लावून पाहिले.

पहिला: स्यूडोरॅपिडिटीत (बीमशी होणाऱ्या कोनाच्या मापात) फट. कण पुढचे आणि मागचे अशा दोन गटांत, मधे १ एककाची मोकळी जागा, जोडी लावायची ती एका गटातला एक आणि दुसऱ्यातला एक अशी. जुळे एकमेकांच्या शेजारीच असतात, ते एकाच गटात अडकतात. उत्तर ०.०८०. ‘− एम’ ची गरजही उरत नाही, कारण कण स्वतःला भेटूच शकत नाही. (म्हणूनच २० जूनच्या कोडमधली चूक या पद्धतीत लपून राहिली असती.) लांब पल्ल्याचे सहसंबंध मात्र फट ओलांडतात, परस्परविरुद्ध दिशेच्या जेटांना ती अडवत नाही.

दुसरा: चार-कणी संचयक. चौकडीच्या सरासरीतून दोन-कणी सरासरीच्या वर्गाची दुप्पट वजा करायची. जुळ्यांसकट घटनांवर संचयक −४.११ × १०⁻⁵, चिन्ह बदलून चौथं मूळ ०.०८०१. जुळ्यांचा प्रभाव हजारात एकावर आला. किंमत म्हणजे घटना भरपूर लागतात, आणि एम ३ किंवा त्याहून कमी असेल तर भाजक शून्य; अशा घटना आधीच गाळायच्या.

२६ जून

चार संगणकांवर चार फेऱ्या, चारही उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत एकसारखी. रँडमचं बीज चौघांना एकच होतं. चार लाख घटना म्हणून धरलेल्या प्रत्यक्षात एक लाख, अनिश्चितता निम्मी दाखवत होती. बीज आता फेरीच्या क्रमांकावरून.

२९ जून

डिटेक्टरमधलं भोक. अलाइसच्या टाइम प्रोजेक्शन चेंबरला (ट्रॅक टिपणाऱ्या डिटेक्टरला) प्रत्येक बाजूला १८ खंड आहेत, एक खंड २० अंशांचा. व्ही-२ = शून्य घातला आणि एक खंड पूर्ण बंद केला.

उत्तर ०.०५८. प्रवाह मुळात नाहीच.

हिशेब कागदावर होतो: भोकाचा दुप्पट कोनाचा हिस्सा साइन(२० अंश) = ०.३४२, उरलेली व्याप्ती ५.९३ रेडियन, भागाकार ०.०५८. मग भोक दीड खंडाचं केलं, ३० अंशांचं. साइन ०.५, भागिले ५.७६: ०.०८७.

केंद्रकीय द्रव्याबद्दलच्या सर्वांत गाजलेल्या मोजमापांपैकी एकाचा आकडा आणि दीड खंडाच्या भोकाचा आकडा एकच. हा मात्र निव्वळ योगायोग. पण परिमाण एकच आहे ही गोष्ट योगायोगाची नाही, आणि चार-कणी पद्धतही इथे वाचवत नाही: भोक सगळ्या कणांना एकदम लागू असतं, अगदी खऱ्या प्रवाहासारखं. फरक इतकाच की खऱ्या प्रवाहाची दिशा दर घटनेला फिरते, भोक जागचं हलत नाही. दुरुस्ती तिथूनच मिळते: सर्व घटनांवर कोसाइन आणि साइनच्या सरासऱ्या काढायच्या, त्यांचे वर्ग दोन-कणी सरासरीतून वजा करायचे. शून्य प्रवाहाला शून्य मिळालं. ०.०८ घातल्यावर, एक खंड बंद ठेवून, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत.

समोरासमोरचे दोन खंड बंद केले तर दोष दुपटीहून थोडा जास्त, ०.१२. एकमेकांना काटकोनात दोन भोकं पाडली तर व्ही-२ साठी ती एकमेकांना खाऊन टाकतात. उत्तर शून्य आलं म्हणून डिटेक्टर धड आहे असं मानायचं नाही; दिगंशाचा नकाशा डोळ्यांनी बघायचा, दर फेरीचा वेगळा, कारण खंड मध्येच बंद पडतात आणि मध्येच सुरू होतात. आठवड्याभराच्या सरासरी नकाशात अर्ध्या वेळ बंद असलेला खंड ‘५० टक्के कार्यक्षम’ दिसतो आणि दुरुस्ती दोन्ही अर्ध्यांत चुकते.

१ जुलै

खंड पूर्ण बंद नसून मंद असेल तर कणांना वजन देता येतं, कार्यक्षमतेचा व्यस्त. पूर्ण बंद खंडात वजन द्यायला कणच नसतो. वजनं लावली की सूत्रातला ‘एम’ जागोजागी बदलतो: स्वतःशी जोडीची वजाबाकी वजनांच्या वर्गांची बेरीज होते, आणि भाजक होतो बेरजेचा वर्ग उणे वर्गांची बेरीज. जुना ‘− एम’ तसाच राहिला तर २० जूनची चूक मागच्या दाराने परत येते, थोड्या प्रमाणात, म्हणून न दिसणारी.

५ जुलै

जुळे नाहीत, भोक नाही. पण प्रवाहच घटनेगणिक बदलता ठेवला: सरासरी ०.०८, प्रमाण विचलन ०.०२. दोन-कणी ०.०८२५, चार-कणी ०.०७७३. दोन्ही बरोबर आहेत. दोन-कणी पद्धत चढउतार जमा धरते, चार-कणी पद्धत वजा करते. खऱ्या डेटात फट ठेवूनही दोन्हींत अंतर उरलं तर त्यातला मोठा भाग १६ जूनच्या खडबडीत बदामाचा असतो. त्याला दोष म्हणून झटकायचं नाही.

द्रव्याचा गुणधर्म निघतो तो व्ही-२ भागिले विकेंद्रता या गुणोत्तरातून. विष्यंदिता (द्रव्याचा चिकटपणा) वाढली की गुणोत्तर उतरतं. म्हणून भाजकात कुठल्या भूमितीची विकेंद्रता घेतली हे लिहिल्याशिवाय विष्यंदिता आणि एन्ट्रॉपी यांच्या गुणोत्तराचा आकडा छापायचा नाही. १/४पाय, म्हणजे ०.०८, ही त्याची बहुचर्चित खालची पातळी. इथेही ०.०८, प्रवाहाच्या ०.०८ शी तिचं काही नातं नाही, नोंदवहीत गल्लत टाळायला एकाला तांबडी शाई.

९ जुलै

कमी ऊर्जेकडे. जर्मनीतल्या जीएसआयमध्ये हेडीस प्रयोगात सोन्याचा बीम न्यूक्लिऑनमागे १.२३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, लक्ष्य स्थिर. इथे प्रश्न वेगळा: प्लाझ्मा (क्वार्क आणि ग्लुऑन सुटे झालेलं द्रव्य) नव्हे, तर नेहमीच्या ०.१६ न्यूक्लिऑन प्रति घन फेम्टोमीटर घनतेच्या दोन-तीन पट दाबलेलं द्रव्य किती ताठ आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांना लागतं ते हेच.

दोन केंद्रकं एकमेकांतून पार व्हायला किती वेळ घेतात ते काढलं. एलएचसीवर लॉरेन्ट्झ गुणक २६७५, वेळ ०.००५ फेम्टोमीटर भागिले प्रकाशवेग. हेडीसमध्ये सुमारे १६, म्हणजे तीन हजार पटींहून जास्त. एलएचसीवर टकरीत न सापडलेले न्यूक्लिऑन प्रवाह तयार व्हायच्या आत निघून गेलेले असतात. इथे ते वाट अडवून उभे. प्रतलाच्या दिशेला जागाच नाही, द्रव्य काटकोनात पिळून निघतं. व्ही-२ ऋण. चिन्ह पालटतं ते बीमच्या साधारण ४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति न्यूक्लिऑन ऊर्जेला.

११ जुलै

−०.०५ घातला. दोन-कणी उत्तर +०.०५. चार-कणी उत्तर +०.०५. कोडचा दोष नाही: वर्ग आणि चौथा घात चिन्ह गिळतात, आणि आम्ही शेवटी धन मूळ घेतो. एलएचसीसाठी पारखलेली साखळी इथे निकामी.

चिन्हासाठी बाहेरचं प्रतल हवं. अडवून उभे राहिलेले न्यूक्लिऑनच ते देतात: ते एका बाजूला ढकलले जातात, आणि पुढच्या भिंतीवरच्या डिटेक्टरमध्ये त्यांचा पहिला हार्मोनिक घेतला की आघाताची दिशा मिळते. बाजूला ढकललं जाणं पहिल्यांदा पकडलं ते १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेव्हालॅक त्वरकावरच्या प्लास्टिक बॉल या डिटेक्टरने. प्रतल अचूक नसतं, त्यामुळे मोजलेला व्ही-२ लहान दिसतो. भिंतीवरच्या खुणांचे यादृच्छिक दोन भाग करायचे, दोन प्रतलांमधल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी, तिचं वर्गमूळ: ही एका भागाची विभेदनक्षमता. पूर्ण भिंतीची तिच्या १.४ पट धरायची, पण विभेदन कमी असेल तेव्हाच. ते जास्त असलं तर १.४ पट केल्यावर आकडा १ च्या पुढे जातो आणि मग बेसेल फलांचं पूर्ण सूत्र लागतं. दुसऱ्या हार्मोनिकसाठी दुरुस्ती वेगळी, पहिल्याचीच लावायची नाही.

पुढची फेरी: −०.०५, शून्य, +०.०५ तिन्ही, भिंतीतल्या एका चतुर्थांशाच्या खुणा बंद ठेवून.